यंत्र म्हणालं, मागे काही नाही

पालीच्या कोळीवाड्यातल्या ज्युलियानाला उत्तमरावांची बायको शुभदा गेल्याचं कळलं, त्याच दिवशी ज्युलियानाचे अर्धे बोंबील त्यांच्या गाडीने मातीत लोळवले.

उत्तमराव खरं तर एका डब्यासाठी निघाले होते. ज्युलियानाने सुकट घालून दिलेला स्टीलचा डबा शुभदा गेल्यापासून घरात पडून होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा शुभदाचा कायदा. म्हणून त्यांनी त्यात साखर भरली आणि सिल्व्हर पार्क सोसायटीतून गाडी काढली.

गाडीला नवा सेन्सर! मागे काही आलं की पीं पीं करणारा. २००७ साली अख्ख्या सोसायटीत एकच! काशीमीऱ्याचा गॅरेजवाला म्हणाला होता, "अंकल, अब पीछे देखने का ही नहीं!" आजवर शुभदा मागे उभी राहून डिकी थोपटायची, "येऊ द्या, येऊ द्या... बस!" आता कुणाची गरज नाही, असं उत्तमराव दिसेल त्याला चिडून सांगत. कुणी विचारलेलं नसताना!

पालीच्या गल्लीत त्यांनी रिव्हर्स टाकला. मान वळवली नाही, आरशात पाहिलं नाही. कान तेवढे सशासारखे उभे. यंत्र गप्प. म्हणजे मागे मोकळं मैदान!

कडाड्!

बोंबील वाळत घातलेले बारीक बांबू यंत्राच्या खिजगणतीतच नव्हते. काठ्या मोडल्या आणि बोंबील मागच्या काचेवर मुंडावळ्यांसारखे लोंबू लागले. तेव्हा कुठे यंत्र कोकललं, "पीं पीं पीं!"

"मेल्या, डोले हायेत का बटनं?" ज्युलियाना झाडू घेऊन धावली.

"मशीनने सांगितलं नाही!" उत्तमराव उलट तिच्यावरच खेकसले. "आणि रस्त्यात कोण वाळवतं?"

"माझा आजा वालवत व्हता! तवा तुझी मशीन जन्मली न्हवती! आनि बाय कुठं हाय? ती मागं उभी असती तर एक बोंबील पडला नसता!"

"नाही ती! फेब्रुवारीत गेली! म्हणून तर बसवलं हे डबडं!"

झाडू खाली आला. यंत्राचं पीं पीं चालूच.

"ते पयलं बंद कर," ज्युलियाना म्हणाली. "गाडी पुढं घे."

तिने पदराने डोळे पुसले. गाडी पुढे गेली तशी ती मागे जाऊन उभी राहिली आणि तिने डिकीवर जोरात थाप मारली. "येऊ दे, येऊ दे..."

उत्तमरावांनी मान वळवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मागे पाहिलं.

तिथून ते तडक काशीमीऱ्याला गेले, गॅरेजवाल्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि सेन्सर उपटून घेतला.

डबा मागच्या सीटवरच होता. साखरेसकट. तो द्यायचा अजून राहिलाय.