उडता जिना आणि भावोजींचं गाणं

यंत्र कुठलंही असो, माझ्यापुढे त्याची मस्ती चालत नाही. गेली एकवीस वर्षं मी ऑफिसांतली झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. मी नुसता बॅग घेऊन दारात उभा राहिलो की अडकलेला कागद आपण होऊन बाहेर येतो, असं आमचे साहेब म्हणतात. म्हणजे एकदा म्हणाले होते, आणि तेव्हा त्यांना माझ्याकडून जादा काम करून घ्यायचं होतं. पण म्हणाले होते!

म्हणून ताईचा फोन आला तेव्हा आईने मला न विचारताच सांगून टाकलं, "अगं, तू खुशाल ये. व्हीसीआर चालू करणं म्हणजे आपल्या छोट्याच्या डाव्या हातचा मळ."

छोट्या म्हणजे मी. वय चाळीस. तोंडातला घास तोंडातच राहिला.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन लांब गेली ती आता नऊ वर्षांनी घरी येणार होती, आणि येऊन तिला करायचं होतं एकच. लहानपणीचा तो सिनेमा आमच्या जुन्या कॅसेटवर सगळ्यांबरोबर पुन्हा बघायचा. त्यात एका घराचा लाकडी जिना रोज संध्याकाळी घरापासून सुटून उडायला लागतो. त्याच्या पायऱ्यांवर बसून दोन भावंडं ढगांच्या राज्यात जातात. तिथला राजा गाण्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे साधं पाणी मागायलासुद्धा त्याला पाच मिनिटं लागतात. शेवटी जिना घरी परत येतो तेव्हा एक गाणं आहे. त्या गाण्याला बाबा खुर्चीत बसून शिट्टीने साथ द्यायचे आणि ताई त्यांच्या गुडघ्याला टेकून ऐकायची. बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. "मला फक्त ते गाणं ऐकायचंय रे," ताई फोनवर म्हणाली.

आणि ते गाणं मी पुसलं होतं.

आता लपवण्यात अर्थ नाही. मी चौदा वर्षांचा होतो. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. टीव्हीवर फुटबॉलची फायनल लागली होती आणि शेवटच्या वीस मिनिटांच्या आधी आईने मला क्लासला हाकललं. सकाळपासून शोधूनही कोरी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून मी घाईघाईत हाताला लागली ती व्हीसीआरमध्ये कोंबली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पळालो. परत येऊन बघतो तर टीव्हीवर रिकामी डबी पडलेली आणि तिच्यावर ताईच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं, 'उडता जिना'. माझी पाचावर धारण बसली. कॅसेट लावून बघायची हिंमत झाली नाही. ती डबीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. कुणी लावून बघू नये म्हणून व्हीसीआर उघडला आणि त्याचा रबरी पट्टा काढून कंपासपेटीत लपवला.

व्हीसीआर बंद पडला. मी त्याच्याशी तासन्‌तास खटपट करायचो. म्हणजे तो चालू होऊ नये याची काळजी घ्यायचो. आई आजही पाहुण्यांना सांगते, "याला लहानपणापासूनच यंत्रांचं वेड हो." माझ्या सगळ्या करिअरचा पाया हा असा आहे.

"आई, व्हीसीआर नाही चालायचा. पट्टा मिळत नाही बाजारात," मी म्हणालो. हे खरं होतं. बाजारात नव्हता, कंपासपेटीत होता.

आईने ते ताईला कळवलं. रविवारी दुपारी ताई आली ती काखेत चालू स्थितीतला व्हीसीआर घेऊनच. मागून दोन बॅगा उचलून भावोजी. भावोजी स्वभावाने देवमाणूस. त्यांच्यात खोड एकच, त्यांना गाता येतं असं त्यांना वाटतं.

मी म्हणालो, कॅसेटला बुरशी आली असेल. भावोजींनी कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, "मेव्हणे, कोरी करकरीत आहे हो." मी म्हणालो, व्हीसीआरचं हेड साफ करावं लागेल, त्याला खास द्रव लागतो. ताईने पर्समधून बाटली काढली. दुकानदाराने बरोबर दिली होती. असा दुकानदार माझ्याच नशिबी यायचा होता.

शेवटचा उपाय म्हणून मी पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच खाली ओढला आणि धावत आत येऊन म्हणालो, "अरेरे, फ्यूज उडाला वाटतं."

"उडाला नाही," दारातून बायको म्हणाली, "यांनी उडवला. मी बघितलं, स्टुलावर चढले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, वायरिंग तपासत होतो. भावोजींनी जाऊन दिवे लावले. बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी म्हणाली, "काय केलंयत तुम्ही?" इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळतं, की मी काहीतरी केलेलं असतं.

ताईने 'उडता जिना' लिहिलेल्या डबीतून कॅसेट काढली, आत सरकवली आणि बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. पन्नाशीला आलेली बाई, पण बसली अगदी तशीच, खुर्चीच्या हाताला टेकून.

पडद्यावर मुंग्या आल्या. मग चित्र आलं. जिना नव्हता, ढग नव्हते. एक मोठा हॉल होता, आणि कोट घातलेले, डोक्यावर भरपूर केस असलेले भावोजी!

"अगं, हे तर आपलं लग्न!" भावोजी उठून उभेच राहिले. "सव्वीस वर्षांत मी हे एकदाही पाहिलं नाही. आमच्या वेळी नेमका व्हीसीआर बंद पडला."

मला काही कळेना, पण छातीवरचा दगड उतरला. सिनेमा या कॅसेटवर नव्हताच! म्हणजे मी सिनेमा पुसलाच नव्हता! मी खुशीत मागे रेललो आणि बायकोला म्हणालो, "बघ, उगाच संशय घेतेस."

पडद्यावर भावोजींनी माइक हातात घेतला. "आता माझं गाणं," खोलीतले भावोजी कुजबुजले. पडद्यावरच्या भावोजींनी घसा साफ केला, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि...

"गोऽऽऽल!"

पडद्यावर अकरा जण एकमेकांच्या अंगावर पडले होते.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. फायनल, घाई, डबी, रबरी पट्टा, कंपासपेटी. "ताई, मला वाटत होतं मी तुझं गाणं पुसलं," मी म्हणालो. बोलताना माझा आवाज फाटला, हेही सांगून टाकतो.

"म्हणजे व्हीसीआर तू बिघडवलास?" आई म्हणाली. "आणि मी सव्वीस वर्षं तुझं कौतुक सांगत फिरतेय?"

ताई मात्र कपाटाकडे गेली. वरच्या फळीवरून तिने दुसरी डबी काढली, 'लग्न' लिहिलेली. तिच्यातली कॅसेट लावली आणि शेवटापर्यंत पुढे पळवली. जिना ढगांतून खाली येत होता. गाणं सुरू झालं, सगळंच्या सगळं, एक अक्षर न गळता. ताई रडत होती आणि हसत होती. आणि मग खुर्चीतून शिट्टी ऐकू आली. आई तिथे येऊन बसली होती आणि वाजवत होती. चुकत होती, हवाच जास्त येत होती, पण वाजवत होती. मी डोळे पुसले. इतकं हलकं मला सव्वीस वर्षांत वाटलं नव्हतं.

"पण कॅसेटची अदलाबदल केली कुणी?" बायकोने विचारलं.

भावोजींनी रिकामी 'लग्न'ची डबी उचलली. आत घडी केलेली चिठ्ठी होती. अक्षर बाबांचं. भावोजींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"पोरी, चिरंजीव मॅच भरण्यासाठी कॅसेट शोधत आहेत. हाताला येईल ती उचलतील, फक्त लग्नाच्या डबीला हात लावायची त्यांची हिंमत नाही. म्हणून तुझा सिनेमा या डबीत सुरक्षित ठेवला आहे. त्या डबीत जावईबापूंचं गाणं आहे. ते गेलंच, तर ईश्वरेच्छा."

आता कुठे मला आठवलं, व्हीसीआर दुरुस्तीला टाकायचा विषय निघाला की बाबा दर वेळी म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात."

भावोजींनी चिठ्ठीची शांतपणे घडी केली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "मेव्हणे, जिंकलं कोण?"

मला माहीत नव्हतं. ती कॅसेट मी कधी पाहिलीच नव्हती.