चौगुलेबाईंच्या घरातला बोळ

चौगुलेबाईंनी स्वतःच्या घराची मागची भिंत तिसऱ्यांदा पाडायला लावली, तेव्हा दस्तगीर मिस्त्रीनं थापी खाली टाकली आणि रस्ता ओलांडून आमच्या फाटकाशी येऊन पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून म्हणाला, "पावणं, ह्या बाईला तुमी तरी सांगा की. भिंत हाय ही, पाटीवरचं चित्र न्हवं."

पण बाईंना सांगणार कोण? मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. नकाशातली पंचगंगा जरा वाकडी गेली की "पुसा, परत काढा." बांधकामावरही तेच. पदर कमरेला खोचून, छत्रीचं टोक भिंतीला लावून म्हणायच्या, "पुसा, परत काढा." मिस्त्री पन्नाशीचा, पिळदार मिशांचा माणूस, पण त्यांच्यापुढं सहावीतल्या पोरीसारखा हात मागं बांधून उभा राही. घमेली उचलणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत.

ही सत्तरनंतरची गोष्ट. शहराच्या कडेला, माळावर, आमची कॉलनी नुकती वसत होती. आपल्या घराचं तोंड शेजाऱ्याच्या घराहून भारी कसं दिसेल, एवढीच प्रत्येकाला काळजी. बाईंच्या घराला धड तोंडच नव्हतं. मध्ये दोन लहान खोल्या नि स्वयंपाकघर, आणि त्यांच्या चारी बाजूंनी, बाहेरच्या भिंतीच्या आतून, फिरून परत तिथंच येणारा एक बोळ. निम्मी जागा त्या बोळानंच खाल्लेली. एकाही दाराला उंबरा नाही.

"उंबऱ्याबिगर घर? लक्ष्मी थांबंल का बाई?" मिस्त्री म्हणाला होता.

"थांबायचं असलं तर आत बसून थांबंल. तू काढ तो."

दूधवाल्यानं एकदा सायकल थांबवून विचारलं, "देऊळ बांधताय व्हय? फेरी मारायला वाट ठेवलीया म्हणून इचारलं."

"व्हय. नारळ घेऊन ये," बाई म्हणाल्या आणि छत्री उगारली.

तर त्या दिवशी मी मिस्त्रीबरोबर गेलो. भिंतीत खोट काहीच नव्हती. नुसता मागचा, बोळात पुढं येणारा कोपरा काटकोनात वळला होता आणि बाईंना तो गोल हवा होता.

"बाई, कोपरा हा कोपऱ्यासारखाच असतो की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मिस्त्रीला म्हणाल्या, "दस्तगीर, माझा भाऊ चालतो."

मिस्त्री माझ्याकडं बघू लागला.

"दत्तू. माझ्या पाठचा. सकाळी उठला की चालतो, ते अंधार पडेपर्यंत. भिंतीला खांदा लावून चालतो. धारदार कोपऱ्याला त्याचा खांदा सोलून निघतो. आता काढशील गोल?"

हा भाऊ आहे हे कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवार पेठेत दोघं भाड्याच्या खोलीत राहत, तेव्हा तो बाहेर पडे आणि रस्ता नेईल तिकडं जाई. एकदा रुळांच्या कडेकडेनं पार जयसिंगपुरापर्यंत गेला. तिथं लोकांनी पोरं पळवणारा समजून त्याला मारलं, ते हात मोडेपर्यंत. घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यावाचून बाईंना दुसरी वाट राहिली नाही. सोडून येताना त्याला म्हणाल्या होत्या, "घर बांधते नि तुला न्यायला येते." तेव्हापासून लग्न नाही, नवं लुगडं नाही.

मिस्त्रीनं कोपरा गोल केला. नुसता गोल नाही, गिलावा ओला असताना तळव्यानं चोळून चोळून गुळगुळीत केला. वाळल्यावर डोळे मिटून, भिंतीला खांदा लावून स्वतः चारी बाजूंनी फिरून आला. घमेलीवाल्या बायका त्या दिवशी हसल्या नाहीत.

दिवाळीच्या महिनाभर आधी बाई भावाला घेऊन आल्या. रिक्षातून आधी त्या उतरल्या आणि मग हात धरून त्याला उतरवलं. डोकं भादरलेलं, दाढीचे खुंट पांढरे, नजर पायाशी. त्या त्याला आत घेऊन गेल्या. आम्ही सगळे आपापल्या खिडक्यांतून बघत होतो.

दत्तू बोळात पहिल्याच वळणाशी भिंतीला टेकून खाली बसला. उठलाच नाही.

"प्रवासानं दमलाय," बाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "हवा बदललीया न्हवं." मग एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, आता अगदी शांत झालाय. चालणं बंद झालंय, म्हणून तर सोडतोय." मयताचा निरोप सांगावा तशा सुरात हे सांगितलं.

तो वेळेवर जेवायचा. निजवला की निजायचा. एके दुपारी बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत आला, "ऊठ की रे! कुणासाठी बांधलं हे? ऊठ!" बायको म्हणाली, जाऊन या. मी गेलो नाही.

दिवाळीच्या पाडव्याला फराळाचं ताट घेऊन मी गेलो. दार उघडंच होतं. दत्तू नेहमीच्या जागी बसलेला. आणि बोळातून बाई चालत होत्या. पदर खोचलेला, उजवा खांदा भिंतीला लावलेला.

"बसा, आले," म्हणाल्या आणि तशाच पुढं गेल्या.

त्या जवळ आल्या की दत्तू वाट द्यायला पाय आखडून घेई. त्या वळणाआड गेल्या की मान लांब करून पलीकडच्या टोकाकडं बघत राही. त्या तिकडून दिसल्या की मान पुन्हा खाली. मी ताट हातात धरून नुसता उभा.

एका फेरीला त्यांना उशीर झाला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला थांबल्या असाव्यात. दत्तूनं भिंतीवर तळवा टेकला. अर्धवट उठला. इतक्या दिवसांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलासारखा होता.

"आक्का?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"आले रे," बाई म्हणाल्या. "आले, आले."