बिरादार अण्णांचे दोन पाईप

आमच्या दाराला घंटी आहे, कडी आहे, पण बिरादार अण्णा दोन्हींना हात लावत नाहीत. ते दारच ठोकतात. वर, मध्ये, खाली. मग कान लावून ऐकतात आणि आत येता येता निकाल देतात, "गुरुजी, सागवान म्हणून गंडवलंय तुम्हाला." सहा वर्षांपासून ते आमचे शेजारी आहेत आणि हा निकाल मी जवळजवळ रोज ऐकतो. दार मात्र अजून उभं आहे.

अण्णांना लाकडाचं वेड. स्थळ बघायला गेले तरी मुलीकडचा पाट उलटा करून बघतात. कुणी हटकलं की एकच उत्तर, "लाकडाला इचारा." त्यांच्या परसात पत्र्याखाली बाभळीचा एक ओंडका पडलेला असायचा. माझ्या बायकोने एकदा त्यावर कुरडयांचं ताट ठेवलं, तर अण्णा आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. तो आठवडा फार सुखाचा गेला.

तर या माणसाने यंदा ठरवलं, की नांदेडला धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, तिथे भावाला आहेरात तंबाखूचा लाकडी पाईप द्यायचा. भाऊ, शिवराज, पाटबंधारे खात्यात साहेब झाला तेव्हापासून पाईप ओढायचा म्हणे.

"अहो, टावेल-टोपी द्या की सगळ्यांसारखी," मी म्हटलं.

"टावेल फिरत फिरत आपल्याच घरी येतो, गुरुजी. आन् पाईप एक न्हाई, दोन करायचे."

"दुसरा कशाला?"

"एक तडकला तर?"

अण्णा सुपारीसुद्धा खात नाहीत. मीही नाही. पाईप जवळून दोघांनीही पाहिलेला नव्हता. अण्णांनी कणकेचा नमुना वळला, उन्हात वाळवला आणि ओंडक्याच्या तुकड्यांसकट आम्ही तो उदगीरच्या बाजारात करीमचाचांकडे नेला. चाचा खरादी. लाटणी आणि पाळण्याचे मोर करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी नमुना फिरवून फिरवून पाहिला.

"अण्णा, ये तो टेढा चमचा दिसरा."

पुढचे सहा रविवार माझे त्या दुकानात गेले. पहिल्या पाईपचं भोक आरपार गेलंच नाही. दुसऱ्याच्या वाटीत अख्खं लिंबू मावलं. बाभळीने चाचांची दोन गिरमिटं मोडली. अण्णांना दमा, म्हणून ओढून बघायचं काम माझ्याकडे. तंबाखू नको, तर वाटीत उदबत्तीचा तुकडा. गुरुजी भर बाजारात पाईप ओढतात, तोही मोगऱ्याच्या वासाचा, हे शाळेच्या निम्म्या पालकांनी पाहिलं. हेडमास्तरांनी व्यसनमुक्तीचं भाषण माझ्याकडून काढून घेतलं.

शेवटी एकदाचे दोन पाईप जमले. सोबतीला लग्नालाही मलाच ओढलं. मुखेड मागे पडल्यावर बसमध्ये मी विचारलं, "कार्यालय कुठलं? पत्रिका द्या बघू."

"पत्रिका आली न्हाई."

"म्हणजे?"

"गावच्या ग्रुपवर बघितली."

माझं डोकंच फिरलं. बिनबोलावण्याच्या लग्नाला इतक्या लांब! "अण्णा, हे घरून निघताना सांगायचं नाही?"

अण्णा खिडकीची चौकट ठोकत बसले. ती पत्र्याची होती. मग हळूच म्हणाले, "नऊ वर्सं झाली, शिवा बोलत न्हाई. दोघांच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर बाभळ होती. म्या न इचारता पाडली. झाड दोघांचं होतं, गुरुजी. चूक माझीच हाय."

परसातल्या ओंडक्यावर ताट का चालत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. राग तर मनस्वी आलेला होता, पण तो धरून ठेवता येईना.

कार्यालयाच्या दारात शिवराजराव पाहुण्यांना अत्तर लावत उभे होते. अण्णांना पाहून त्यांचा हात थांबला. अण्णांनी नुसती पिशवी पुढे केली. शिवराजरावांनी एक पाईप बाहेर काढला आणि बोटाने ठोकला. वर, मध्ये, खाली.

"धुऱ्यावरली?"

"हाव."

"आन् ह्यो दुसरा?"

"माझा. तुझ्यासंगं बसायला."

शिवराजरावांनी दोन्ही पाईप तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. "आण्णा, डॉक्टरनं तंबाखू बंद केलीय माझी. चार वर्सं झाली."

अण्णांचा चेहरा उतरला. गेले माझे सहा रविवार, मी मनात म्हटलं. तेवढ्यात शिवराजरावांनी पाईप तोंडात धरला आणि दोन खुर्च्या ओढल्या.

"बस की. रिकामाच ओढू."

दोघं भाऊ तिथेच दारात बसले, तोंडात पाईप धरून, येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवत. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, काका, पाईप काढा. एकानेही काढला नाही. पाईपांत धूर नव्हता, तरी अण्णा सारखे डोळे पुसत होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी दोघं तिथेच. चारची बस सुटेल हे सांगायला मी त्यांच्यापर्यंत गेलो, आणि तसाच परत येऊन दुसऱ्यांदा जेवायला बसलो.