पिसाळ चौकीदारांच्या दोन नावांची हकिगत

श्रीवाग्देवीचे स्मरण करून, आणि ज्यांचे शब्द वाटेतच राहिले त्यांस नमस्कार करून लिहितो. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सर, माघमासी एका राज्यात नवी व्यवस्था जाहली, ते वर्तमान ऐसे जे.

राज्य पाणीखात्याचे. राजधानीस चार मजली कचेरी, सरहद्दीस डोंगरात धरण, आणि धरणावरील चौकीत तुळाजी पिसाळ चौकीदार एकलेच राहात. कुटुंब निवर्तले होते, लेक परमुलखी नांदत होती. नित्य सकाळी आठास पिसाळांनी पाण्याची पातळी पाहून राजधानीस फोन करावा आणि तो कुमुदबाई चितळकर यांनी घ्यावा. बाईंनी आकडा लिहून घ्यावा आणि मग खोकला कैसा, जेवण कैसे, हे पुसावे, आणि पिसाळांनी भिंतीवर आलेल्या मुंगसाचे वर्तमान सांगावे. ऐसी अकरा वर्षे गेली. मुख एकमेकांचे कोणी पाहिले नाही. दिवसातून पिसाळांस मनुष्याचा शब्द तितकाच.

मग थोरल्या साहेबांनी मसलत केली की बोलण्यात कारकुनांचा वेळ जातो, सबब कचेरीत अंतर्गत निरोपांचे जाळे बसवावे, प्रत्येकाचे नावे एक पेटी करावी, आणि चौक्यांचे आकडे एका सामाईक ईमेलवर घ्यावे. दिगंबर खोत नामे जाणते तंत्रज्ञ आले आणि पंधरा दिवसांत तारा ओढिल्या, नावे चढविली, चौकीवर संगणक मांडिला, आकडा धाडण्यापुरते शिकविले आणि फोन काढून नेला. बाईंस दुसऱ्या मजल्यावर बसविले; सामाईक ईमेल पाहण्याचा हुकूम त्यांस राहिला नाही.

दुसरे दिवशी पिसाळांनी आकडा धाडिला आणि तत्क्षणी उत्तर आले, आपला निरोप पावला. पिसाळ हर्षले आणि लिहिते जाहले की बाई, खोकला कमी आहे. उत्तर आले, आपला निरोप पावला. मग उमजले की हे यंत्र बोलते. तेव्हापासून आकडाच धाडीत, आणि मनात म्हणत की बाई विसरल्या, राजधानीची माणसे, त्यांस कामे बहुत. चैत्र लोटला. कधी कधी आकडा मोठ्याने उच्चारून पाहात, आवाज शाबूत आहे की गेला म्हणून.

वैशाखी रजा मिळाली आणि पिसाळ द्रोणभर करवंदे घेऊन एस.टी.ने राजधानीस आले. बाईंचे जागी ऋता नामे नवी कारकुनीण बसली होती. ती म्हणाली, "चितळकरबाई रिटायर झाल्या, काका. महिना झाला. निरोप सगळ्यांना गेला होता."

"मला नाही आला," पिसाळ म्हणाले.

तिने यादी उघडिली आणि म्हणाली, "काका, इथं तुमचं नाव दोनदा चढलंय. चौकीच्या संगणकाला खालचं जोडलंय, आणि निरोप सगळे वरच्या पिसाळांना गेलेत. ती पेटी कुणी उघडलेलीच नाही."

उघडिली, तो त्रेचाळीस निरोप एकट्या बाईंचे. एकात लिहिले होते, अडुळसा घ्या. एकात, आठ वाजता हात आपोआप फोनकडे जातो. एकात, रागावलात काय? शेवटल्यात ऐसे की, उद्या माझा अखेरचा दिवस, चार वाजता चहा आहे, एकदा समोर बसून बोलावं असं फार वाटतं, या.

पिसाळांनी दोनदा वाचिले आणि ऋताकरवी लिहविले, 'बाई, मी रागावलो नव्हतो.' धाडिताच निरोप परत आला, की या नावाचे येथे कोणी नाही. निवृत्तांची नावे त्याच सांजेस पुसण्याचा शिरस्ता होता. खोतांस बोलाविले. ते पाहून म्हणाले, "चूक माझी. नावं दोन याद्यांतून घेतली होती."

पिसाळ म्हणाले, "तुम्हाला तरी काय ठाऊक, साहेब, की तिथं कुणी बोलत होतं."

मग आस्थापनेच्या दप्तरातून बाईंचा पत्ता निघाला, परंतु तो जुन्या घराचा. बाई घर सोडून लेकाकडे दूर प्रांती गेल्या, इतकेच शेजारच्या मेजावरील मंडळींस ठाऊक. पिसाळांनी पोस्टकार्ड घेऊन तेच वाक्य स्वहस्ते लिहिले, खाली चौकीचा पत्ता घातला, पेटीत टाकिले, हात आत घालून कार्ड अडकले नाही ना हे पाहिले, आणि गाडीस गेले.

सारांश, जाळे उत्तम चालिले, ऐसे कचेरीच्या दप्तरी नमूद आहे. कार्ड बाईंस पोहोचले किंवा कैसे, याचा कागद आढळला नाही. आढळले तितके लिहिले.