टोलनाका तरी थांबवतो!

"रविवारी फक्त औपचारिकता आहे!" असं ज्ञानेशने सगळ्या इंदिरानगरला सांगून ठेवलं होतं. शुभांगीला तो पसंत होता. त्याला तर शुभांगी इतकी पसंत होती की हल्ली तो ऑफिसात जांभईसुद्धा हसत हसत द्यायचा. उरले होते तिच्या घरचे. त्यांच्यासमोर पोहे खायचे, मान डोलवायची, तारीख ठरवून परत यायचं. तिचा भाऊ 'काहीतरी खेळतो' एवढं तिने सांगितलं होतं. कॅरम खेळत असेल, असं समजून ज्ञानेश निश्चिंत होता.

गंगापूर रोडच्या पुढे, गुलाबाच्या शेताला लागून शुभांगीचं घर. आईबरोबर रिक्षातून उतरताना ज्ञानेशची नजर अंगणातल्या दोरीवर गेली आणि त्याचा एक पाय रिक्षातच राहिला.

दोरीवर हिरवे हातमोजे वाळत होते. उजव्या अंगठ्याला निळी चिकटपट्टी. असे हातमोजे सबंध नाशकात एकाच माणसाचे. गोदाकाठ इलेव्हनचा गोलकीपर लखन!

आता, ज्ञानेश गोदाकाठचा कट्टर पाठीराखा. संघ हरायचा आणि ज्ञानेशची मित्रमंडळी मिसळ खात त्या पराभवांचं शवविच्छेदन करायची. तिथपर्यंत ठीक होतं. पण ज्ञानेशचा आवाज होता सर्दी झालेल्या भोंग्यासारखा. मनमाडविरुद्धच्या सेमीफायनलला लखनच्या दोन पायांमधून बॉल आरामात आत गेला, तेव्हा गर्दीच्या मागून हा भोंगा वाजला होता, "अरे लखन, टोलनाका तरी थांबवतो रे!"

सगळं मैदान हसलं. रेफरीच्या तोंडातली शिट्टी पडली. त्या दिवसापासून लखनचा 'टोलनाका' झाला तो झालाच. भाजीबाजारातल्या मावश्यासुद्धा "टोलनाका, मेथी घे की!" म्हणू लागल्या. लखनने ओरडणाऱ्याचा चेहरा पाहिला नव्हता. पण त्याने जाहीर केलं होतं, "आवाज झोपेतही ओळखीन. मग बघतो!"

"काय रे, पांढरा का पडलास?" आईने, म्हणजे आशाताईंनी विचारलं.

"आई, आपण परत जाऊ."

"वेडा आहेस? आणि हे बघ, फुटबॉलचा ब्र काढायचा नाही! मागच्या स्थळाला पोह्यातल्या शेंगदाण्यांनी ऑफसाइड समजावत बसलास."

आत झुंबरराव, म्हणजे शुभांगीचे वडील, सोफ्यावर. शेजारी सुलाआत्या, जिच्या नजरेतून लग्नाचं कुठलंही स्थळ आजवर धडपणे सुटलं नव्हतं. आणि दारात लखन. दार त्याने जवळजवळ पूर्ण व्यापलं होतं. गोल असाच व्यापला असता तर संघ आज कुठे असता, हा विचार ज्ञानेशने घाईघाईने गिळला.

"या या! प्रवास नीट झाला ना?" झुंबररावांनी विचारलं.

"होय," ज्ञानेश कुजबुजला. लग्नात भटजी चुकल्यावर कुजबुजतात तसा.

"आं?"

"होय," तो आणखी हळू म्हणाला.

सुलाआत्या पुढे सरकली. "आवाज बसलाय का जन्मजातच असा हाय?"

"छे हो!" आशाताई दुखावल्या. "हा बोलला की आमच्या सोसायटीतली कबुतरं उडतात!"

आई, गप्प बस ना गं, असं ज्ञानेश डोळ्यांनी ओरडला. डोळ्यांचा आवाज तरी वेगळा होता.

"थंडीने बसला असंल," झुंबरराव म्हणाले. "लखन, पाव्हण्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला दे."

अशा रीतीने ज्ञानेश मोरीपाशी उभा राहिला आणि लखन तांब्या धरून त्याच्या शेजारी.

"गुळण्या नीट करा, भावजी," लखन प्रेमाने म्हणाला. "मलापण एकाचा घसा पाहायचाय."

ज्ञानेशने गुळणी गिळली.

"दोन वर्षं शोधतोय. सापडला की त्याच्या तोंडात बॉल बसवणार. हवेसकट."

बाहेर येईपर्यंत पोहे आले होते. पोह्यांमागून शुभांगी आली आणि ज्ञानेशकडे बघून हसली. एरवी त्याने उत्तरादाखल काहीतरी गोड म्हटलं असतं. आज त्याने तोंडात इतके पोहे भरले की गाल गोदाकाठच्या बचावफळीसारखे फुगले, आणि तितकेच निरुपयोगी दिसू लागले. शुभांगीचं हसू थोडं मावळलं. हा असा तुटक का वागतोय? नकार द्यायला आलाय की काय?

ते मावळलेलं हसू ज्ञानेशला दिसलं. पण बोलावं तर लखन समोर!

तेवढ्यात झुंबररावांना गप्पांचा विषय सुचला. "आमचा लखन गोदाकाठला खेळतो बरं का! मनमाडची मॅच याच्यामुळंच गेली."

"माझ्यामुळं?" लखन उसळला. "बचावातल्या राकेशने माणूस सोडला!"

"राकेशला कशाला मधी घेतो? पायातनं बॉल तुझ्या गेला."

"रेफरी त्यांचा होता," सुलाआत्याने निकाल दिला.

"आणि मालेगावची?"

"ती पण तुझ्यामुळंच!"

ज्ञानेश चावत राहिला. एक घास. दुसरा घास. कपाळावर घाम. मनमाडच्या मॅचची अशी विटंबना त्याने मिसळीच्या टेबलावरही कधी ऐकली नव्हती! आशाताईंनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"अन् देवळालीची मॅच?" झुंबरराव म्हणाले. "तो साधा कॉर्नर होता, यानं उगाच..."

"कॉर्नर नव्हताच तो!"

भोंगा वाजला होता. पूर्ण जोरात! पोह्यांच्या ताटलीतला चमचा थरथरला.

"फ्री किक होती! आणि लखनच्या थेट डोळ्यांत सूर्य होता! चूक राकेशची, त्याने भिंतच सोडली! लखनने तर उडी बरोबर मारली होती, बॉल बोटाला लागला होता!"

आयुष्यात पहिल्यांदाच ज्ञानेशने लखनची बाजू घेतली होती, आणि तीच वेळ चुकीची निघाली.

लखन सावकाश उठला.

"म्हणा, भावजी."

"काय?" पुन्हा कुजबुज.

"टोलनाका."

"अहो, मी..."

"पूर्ण वाक्य. पूर्ण आवाजात."

ज्ञानेशने आईकडे पाहिलं. आईने देवघराकडे पाहिलं. शुभांगीने त्याच्याकडे पाहिलं. आता लपवून काय उरलं होतं? त्याने डोळे मिटले.

"अरे लखन, टोलनाका तरी थांबवतो रे!"

गुलाबाच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "कोण हाका मारतंय? टोलनाका घरीच हाय का?"

लखनने ज्ञानेशला नखशिखांत न्याहाळलं. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, होकार देऊन टाका."

"काय?"

"जावई झाला की याला मेव्हण्याविरुद्ध चारचौघांत काही बोलता येणार नाही. मानपान सांभाळावा लागेल. जन्मभर!"

शुभांगी इतकी हसली की पाणी आणायला आत पळाली. सुलाआत्याने साखर वाटली.

साखरपुड्यानंतरच्या पहिल्याच मॅचला होणारे जावई झुंबरराव आणि सुलाआत्याच्या मधोमध बसले होते. तोंडाला जणू कुलूप. सामना बरोबरीत. शेवटच्या काही मिनिटांत एक बॉल सावकाश, वाटेत कुणाची तरी चौकशी करत आल्यासारखा आला आणि लखनच्या दोन पायांमधून आत गेला.

ज्ञानेशने दातांखाली रुमाल धरला. आणि त्याच क्षणी मागच्या रांगेतून शुभांगी उभी राहिली.

"अरे दादा, टोलनाका तरी थांबवतो रे!"

लखनने मागे वळून पाहिलं. शुभांगीकडे नाही. ज्ञानेशकडे! ज्ञानेशने रुमाल दाखवला, दोन्ही हात वर केले, मान जोरजोराने हलवली.

"तिला कुणी शिकवलं?" लखन गरजला, आणि हातमोजे काढत तरातरा ज्ञानेशच्या दिशेने चालू लागला.

मॅच मात्र अजून चालूच होती. रिकाम्या गोलात दुसरा बॉलही गेला.

हा पराभव कुणामुळे झाला, यावर मिसळीच्या टेबलावर अजून वाद आहे. ज्ञानेश त्यात भाग घेत नाही. नुसता मान डोलवतो, आणि कुणी मत विचारलंच तर कुजबुजतो.