निळ्या दिव्याखालचे दात

प्रवाळाचा तो तुकडा जेमतेम तळहाताएवढा होता. त्यावर सदतीस तोंडं होती आणि सोमवारी सकाळी त्यांतली एकोणीस मिटलेली होती. डॉक्टरांनी ती दोनदा मोजली. तोंडं तपासणं हा त्यांचा रोजचाच उद्योग. ते दातांचे डॉक्टर होते.

"शुक्रवारी अकराच मिटलेली होती गं," त्यांनी फोनवर ताईंना सांगितलं.

"उपाशी आहे ते! प्रवाळ उजेडावर जगतं. दिवा ठरवलास का?"

"दोन्ही चांगले आहेत..."

"दोन महिने झाले!"

ताई डॉक्टरांच्या थोरल्या बहीण, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. घरच्या टाकीत नऊ वर्षं जपलेल्या प्रवाळाचा एक तुकडा त्यांनी भावाला दिला होता. वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली, की पेशंटची भीती पळून जाईल, ही डॉक्टरांची कल्पना. टाकी आली, पाणी आलं, मीठ आलं; घोडं अडलं ते दिव्यापाशी. पांढऱ्या दिव्यात खोली छान उजळायची, पण प्रवाळ चहाच्या चोथ्यासारखं दिसायचं. निळ्यात ते पोपटी पेटायचं, पण खोली गुहेसारखी व्हायची. म्हणून डॉक्टर एक दिवस हा लावत, एक दिवस तो, आणि विचारात पडले, की मग कुठलाच नाही. उजाडलं म्हणायचं की नाही, हेच प्रवाळाला कळेना!

डॉक्टर कामात मात्र पक्के. दातावर कॅप बसवून झाली, की पेशंटच्या हातात आरसा देऊन ते म्हणत, "शोधा बरं, तुमचा कुठला आणि माझा कुठला! अख्ख्या जगात कुणाला ओळखता येणार नाही!"

"हे बघ," ताई म्हणाल्या, "आज दिवसभर निळा लाव. पडदे ओढ, म्हणजे रंग नीट दिसतील. संध्याकाळी मी येईन तेव्हा मला एका दिव्याचं नाव ऐकू दे. नाहीतर माझं प्रवाळ मी उचलून नेणार!"

डॉक्टरांनी पडदे ओढले, निळा दिवा लावला आणि ते पहिल्या पेशंटकडे आत गेले.

तासाभरानं बाहेरून किंकाळी आली.

झालं होतं ते असं. बाहेर नंबर लावून बसलेल्या शिंपीकाकांनी काहीतरी विनोद केला आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाई खळखळून हसल्या. काका दचकून मागे सरकले.

"बाई, तुमचे पुढचे दोन दात कुठे गेले?"

बाईंनी टाकीच्या काचेत पाहिलं. "अगंबाई! जिभेला लागतायत, पण दिसत नाहीयेत! आणि काका, तुमचे तर तीन गायब!"

मग किंकाळी. ती काकांची होती.

डॉक्टर धावत बाहेर आले. खोलीभर खरे दात चांदण्यांसारखे चमकत होते आणि मधेमधे डॉक्टरांची कामगिरी अमावास्येसारखी काळी पडली होती. पेशंटना धीर द्यावा म्हणून ते तोंडभर हसले. तिथेच चुकलं.

"डॉक्टरांचापण गेला!" काका ओरडले.

काउंटरवर डॉक्टरांची बायको बसायची. ती हळूच उठली. "अहो, तो दात खोटा आहे?"

"कॉलेजात असताना बॉल लागला होता..."

"लग्नाला सतरा वर्षं झाली आपल्या!"

डॉक्टरांनी घाईघाईनं ताईंना फोन लावून सगळा प्रकार सांगितला.

"साधं आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "या दिव्याच्या निळ्याजांभळ्या उजेडात खरा दात स्वतः उजळतो. तू वापरतोस त्या कॅप उजळत नाहीत. उजळणाऱ्याही मिळतात हल्ली."

"मग आधी सांगायचं ना!"

"तू प्रवाळाचं विचारलंस. दातांमधलं तुला कळत असेल असं मी धरून चालले."

"डॉक्टर, पांढरा लावा!" तोंडावर रुमाल धरून काका गयावया करू लागले. "आमच्या सूनबाई मला न्यायला येतायत!"

डॉक्टरांचा हात पांढऱ्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

"थांबा!" बाई टाकीला नाक लावून उभ्या होत्या. "इकडे बघा, ही उघडतायत!"

डॉक्टर वाकले. मिटलेली सोळा. नाही, पंधरा. त्यांच्या डोळ्यांदेखत एक चिमुकलं तोंड थरथरलं आणि पोपटी फुललं. चौदा. काका रुमाल विसरून शेजारी येऊन वाकले. बायकोही राग बाजूला ठेवून आली. निळ्या उजेडात चार डोकी एकाच काचेला टेकली.

"किती गोड आहे हो," बायको पुटपुटली. मग तिला सतरा वर्षं आठवली. "आता तरी काय ते ठरवा! हा का तो?"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, प्रवाळाकडे पाहिलं. बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. घसा खाकरला.

"निळा," ते म्हणाले. "दिवा निळाच राहील. आपण सगळ्यांचे दात बदलू!"