नदीकाठचा सपाट मार्ग

मार्ग आखणे ही एक विद्या असून ती मला उपजतच अवगत आहे, असे माझे ठाम मत होते. हे मत मी गेल्या वसंतात फ्रिजलंड या सपाट, कालव्यांच्या प्रांतातील आमच्या गावात इतक्या जणांना ऐकविले, की शेवटी पाववाला मला पाहताच दुकानाच्या मागील खोलीत निघून जाऊ लागला.

प्रसंगही तसाच मोठा होता. माझे सासरे हारमेन यांचा सारा जन्म मालवाहू होडीवर, आमच्या कालव्यांत गेला. ऑगस्टमध्ये त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती आणि तो वाढदिवस फ्रान्सच्या पर्वतांत, एका तळ्याकाठच्या सहलीच्या तळावर साजरा व्हावा, असा त्यांचा हट्ट होता. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, कॉफी आणि प्रत्येकी केकचा एकच तुकडा. दुसरा तुकडा मागणाऱ्याचे नाव आमच्या घराण्यात कोणी काढीत नाही. खुर्च्या नाहीत, तर वाढदिवसही नाही. त्या साऱ्या खुर्च्या, केक, आणि परदेशी बटाट्यांवर आमचा विश्वास नसल्यामुळे बटाट्यांचे एक पोते, असा सर्व ऐवज माझ्या कॅरॅव्हॅनमध्ये भरण्यात आला. हे चाकांवरचे घर गाडीमागे ओढीत दुपारच्या कॉफीपूर्वी तळ्यावर पोचविणे, एवढीच माझी जबाबदारी!

बायकोचा भाऊ रिन्से दरवर्षी सुटीला महामार्गाने जातो आणि दरवर्षी मला आपल्या मागून यावयास सांगतो.

"वोबे, तू फक्त माझ्या मागच्या दिव्यांकडे बघत ये," तो याही वेळी म्हणाला. "डोकं घरी ठेवलंस तरी चालेल. वजन तेवढंच कमी."

त्याच रात्री मी नकाशा उघडला. महामार्ग पर्वतांना भला मोठा वळसा घालून तळ्यापाशी येत होता. मात्र एक बारीक पिवळा रस्ता एका निळ्या रेषेला चिकटून पर्वतांत शिरला होता आणि आरपार तळ्याकडे उतरला होता. निळी रेषा म्हणजे नदी. आता, आमच्या प्रदेशात जेथे पाणी असते तेथील भूमी टेबलासारखी सपाट असते. कालव्यातील पाणी कोणत्या दिशेस चालले आहे, हे त्यावर तरंगणाऱ्या बदकालाही सांगता येत नाही. सबब, नदीकाठचा रस्ता सपाटच असणार, हा माझा सिद्धांत!

माझी पत्नी वित्स्के हिने नकाशावर वाकून विचारले, "ही नदी येते कुठून?"

"नदी आहे तिथेच आहे," मी म्हणालो. "ती कशाला कुठून येईल?"

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, ज्येष्ठमधाची एक गोळी तोंडात टाकली आणि ती झोपावयास गेली.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, पर्वतांच्या पायथ्यापासून, रिन्से सासऱ्यांना व इतरांना घेऊन महामार्गाने गेला आणि मी नदीकाठ धरला. प्रथम कानांत दडे बसले. मग कॅरॅव्हॅनमध्ये बटाट्यांचे पोते धाडकन मागील भिंतीवर आदळले. गाडी तर भरपेट जेवलेल्या पाहुण्याला जिना चढावयास सांगावे, तशी धापा टाकीत होती. मी इंजिनावर संशय घेतला, इंधनावर घेतला, परंतु सिद्धांतावर घेतला नाही. वित्स्केने ज्येष्ठमधाची आणखी एक गोळी तोंडात टाकली. तेवढ्यात एका अरुंद वळणावर समोरून प्रवाशांनी भरलेली बस आली.

चालक खाली उतरला. त्याची भाषा मला कळेना. तथापि दोन्ही तळहातांनी त्याने जी खूण केली, ती जगातील कोणत्याही मनुष्यास कळावी. मागे घ्या!

येथेच घोडे अडले. कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी मी आयुष्यात कधी मागे घेतली नव्हती. आमच्या सपाट तळांवर चार शेजारी येतात आणि हाताने ढकलून ती जागेवर लावतात. येथे एका बाजूस कडा होता व दुसऱ्या बाजूस दरी. दरीच्या तळाशी नदी फेसाळत उतरत होती. ती कुठून येते, हे आता मलाही स्पष्ट दिसत होते.

"उतर," वित्स्के म्हणाली. "मी घेते."

"अगं, खाली दरी आहे."

"म्हणूनच तू उतर."

माझी पत्नी होडीवर जन्मली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडीचे तोंड उजवीकडे वळते, हे ती शाळेत जाण्यापूर्वी शिकली होती. आणि मागे जाताना कॅरॅव्हॅनही अशीच उलट्या स्वभावाची असते. झोपलेल्या बाळाचा पाळणा हळूच बाजूला सरकवावा, तसे ते अवजड घर तिने वळणावळणांतून खाली नेले. मीही स्वस्थ राहिलो नाही. कड्याच्या कडेने पुढे-मागे धावत, दोन्ही हात उंचावून मी तिला एकसारखे मार्गदर्शन करीत होतो. अखेर एका जुन्या प्रार्थनाघराच्या अंगणात तिने गाडी अलगद उभी केली. बसमधील प्रवाशांनी जाताना टाळ्या वाजविल्या. मी मान किंचित लववून त्या स्वीकारल्या.

परंतु कॉफीची वेळ होत आली होती, आणि तळे खिंडीच्या पलीकडे. वर रस्ता याहूनही अरुंद होता. वाढदिवस माझ्यामुळे बुडाला, या विचाराने मी बटाट्यांच्या पोत्यावर बसलो. वित्स्केने वडिलांना फोन लावून सर्व सांगितले. पलीकडे रिन्से हसत असल्याचे मला पोत्यावरूनही ऐकू आले. मग सासऱ्यांचा आवाज आला.

"खुर्च्या कुठे आहेत?"

"वोबेपाशी, बाबा."

"मग वाढदिवस वोबेपाशी."

सगळे मोकळ्या गाड्यांतून खिंड ओलांडून आले. अंगणात खुर्च्या गोलाकार मांडल्या गेल्या. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचे अभिनंदन केले. रिन्सेलाही माझा हात हाती घेऊन सासऱ्यांच्या वाढदिवसाबद्दल माझे अभिनंदन करावे लागले. त्याचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा झाला होता.

सासरे खुर्ची दरीकडे वळवून बसले. "जन्मभर समुद्राच्या पातळीखाली राहिलो," ते म्हणाले. "वरून खाली बघायची ही पहिलीच वेळ. मार्ग कोणी आखला?"

"मी, बाबा."

"छान आखलास. आणि मागे कोणी घेतली?"

सर्वांनी वित्स्केकडे पाहिले. आपल्या वाट्याचे श्रेय सांगणे मला प्राप्तच होते. मी नम्रपणे म्हणालो, "चालवली हिने. पण मागून खुणा माझ्या होत्या."

"खुणा?" वित्स्के म्हणाली. "तू कुठल्या बाजूला होतास?"

"कड्याच्या."

"त्या बाजूचा आरसा मी मिटून घेतला होता रे. घासला असता."

सासऱ्यांनी सुरी उचलली आणि आमच्या घराण्यात जे कधी घडले नव्हते ते केले: केकचा दुसरा तुकडा कापला. मी बशी पुढे केली. तुकडा माझ्या बशीवरून वित्स्केकडे गेला.